नियम, तत्त्व आणि मुभा : विनयाच्या प्रकाशात एक विचार

निवासी विद्यालय म्हटले की नियम आलेच. पहाटेची घंटा, वंदनेची वेळ, अभ्यासिकेतील हजेरी, भोजनगृहातील रांग, रात्री दिवे मालवण्याची वेळ, सुट्टीत गावी गेलेल्या मुलाने परत येण्याचा दिवस, पालकांनी भेटीस येण्याचा वार. शेकडो मुले एका छताखाली राहतात, तेथे यांवाचून एक दिवसही सुरळीत पार पडणार नाही. तरीही शिक्षकांच्या बैठकीत आणि पालक मेळाव्यात एक वाद दरवर्षी नव्याने उभा राहतो. एक पक्ष म्हणतो, नियम म्हणजे नियम. आज एकाला सूट दिली की उद्या दहा जण दारात उभे राहतील. दुसरा पक्ष म्हणतो, ही मुले आहेत, पलटणीतील शिपाई नव्हेत. नियम दिशा दाखवण्यापुरते असावेत आणि प्रसंग पाहून वागावे. दोन्ही पक्षांत मुलांवर मनापासून प्रेम करणारी माणसे आहेत. म्हणूनच हा वाद केवळ स्वभावाचा, म्हणजे कडक शिक्षक आणि मवाळ शिक्षक यांचा, आहे असे समजून सोडून देता येत नाही. त्याच्या मुळाशी एक खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न नवा नाही. तथागतांच्या संघासमोर तो पुन्हा पुन्हा आला आणि त्याची उत्तरे विनयपिटकात नोंदली गेली. विनय हा केवळ भिक्खूंच्या उपयोगाचा ग्रंथ, अशी समजूत असल्यामुळे आपण उपासक मंडळी त्याच्याकडे फारसे वळत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. नियम कोणत्या घटनेतून जन्मला, त्याचा त्रास कोणाला झाला, तो केव्हा बदलला आणि का बदलला, याचा असा तपशीलवार वृत्तान्त प्राचीन भारतीय साहित्यात क्वचितच सापडतो. प्रस्तुत लेखात त्यातील काही प्रसंगांच्या आधारे, आणि आपल्या चळवळीच्या इतिहासातील एका अनुभवाच्या आधारे, या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

तत्त्व आणि नियम

प्रथम शब्दांचा अर्थ स्पष्ट करून घेतला पाहिजे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी तयार केलेले, परंतु करता न आलेले अध्यक्षीय भाषण बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतःच प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी नियम आणि तत्त्व यांतील भेद मांडला आहे. नियम हा कृती नेमून देतो. अमुक करा, तमुक करू नका, एवढेच तो सांगतो. तत्त्व हे कृतीचा निवाडा करण्यासाठी बुद्धीच्या हाती दिलेले माप आहे. नियमाप्रमाणे वागणाऱ्याची कृती बरोबर असेल, पण तिची जबाबदारी त्याच्याकडे येत नाही. तत्त्वाप्रमाणे वागणारा चुकेलही, पण त्याची कृती जाणीवपूर्वक आणि जबाबदारीची असते. ज्या धर्मात केवळ विधिनिषेधांची जंत्री उरते, त्यात माणसाची विवेकबुद्धी मरते, हे बाबासाहेबांच्या विवेचनाचे सार आहे. पुढे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचा विचार करतानाही त्यांनी हाच भेद वापरला आहे. तथागतांनी अहिंसा ही तत्त्व म्हणून, जीवनमार्ग म्हणून सांगितली. अपवाद न जाणणारा कोरडा नियम म्हणून नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की बाबासाहेब नियमांच्या विरोधात होते. तसे म्हणणे सर्वस्वी चुकीचे ठरेल. ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे कायदे मंजूर करून घेण्यात, ते राबवून घेण्यात आणि अखेर राष्ट्राची घटना सिद्ध करण्यात वेचली, त्यांना नियमाचे मोल आपल्यापेक्षा अधिक कळत होते. तत्त्वाला नियमाची गरज असते. परंतु नियम तत्त्वाच्या सेवेत राहिला पाहिजे. तो तसा कसा ठेवावयाचा, हे विनयातून पाहू.

नियम आधी की घटना आधी?

वेरंजा येथे वास्तव्य असताना सारिपुत्तांनी तथागतांना विनंती केली की, संघ दीर्घकाळ टिकावा म्हणून शिक्षापदे, म्हणजे नियम, आताच घालून द्यावेत. तथागतांनी त्यांना थांबवले. ज्या दोषांमुळे नियमाची गरज भासते ते दोष संघात प्रत्यक्ष दिसू लागेपर्यंत नियम करावयाचा नाही, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून विनयातील जवळजवळ प्रत्येक नियमाआधी एक घटना आहे. आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. ज्याच्या कृत्यामुळे नियम झाला, त्या पहिल्या भिक्खूला त्या नियमाखाली दोषी धरले जात नाही. कृत्य घडले तेव्हा नियमच नव्हता, मग भंग कशाचा? आजचे न्यायशास्त्र ज्याला पूर्वलक्षी शिक्षेचा निषेध म्हणते, तोच हा विचार.

नियम कशासाठी, याचीही दहा प्रयोजने विनयात सांगितली आहेत. संघाचे हित, संघाचे स्वास्थ्य, उच्छृंखलांचा निग्रह, सद्वर्तनी भिक्खूंचा सुखविहार, आजच्या दोषांना आवर, उद्याच्या दोषांना प्रतिबंध, श्रद्धा नसलेल्यांच्या मनात श्रद्धा उत्पन्न होणे, श्रद्धावंतांची श्रद्धा वाढणे, सद्धम्माची स्थिरता आणि विनयाला आधार. या यादीत कोठेही ‘वरिष्ठांचा मान राखणे’ हे प्रयोजन नाही, ही गोष्ट शिस्तीची जबाबदारी वाहणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

स्नानाचा नियम

आता एक अगदी साधा, रोजच्या जीवनातील नियम घेऊ. राजगृहात तपोदा नावाचे उष्ण पाण्याचे झरे होते. तेथे भिक्खू स्नान करीत असता राजा बिंबिसार स्नानासाठी आला आणि त्यांचे आटोपेपर्यंत थांबून राहिला. भिक्खू अंधार पडेपर्यंत नाहत राहिले. राजाचे स्नान होईपर्यंत नगराची वेस बंद झाली आणि त्याला रात्र बाहेर काढावी लागली. दुसऱ्या दिवशी ही हकीकत तथागतांच्या कानी गेली. दुसऱ्याची गैरसोय न पाहता पाणवठा अडवून धरणे हे भिक्खूला शोभणारे नव्हते. तेव्हा नियम झाला की, पंधरा दिवसांच्या आत पुन्हा स्नान करू नये.

उन्हाळा आला. भिक्खू नियमाला धरून राहिले, स्नान करीनात. घामाने भिजलेल्या अंगाने झोपू लागले. चीवरे आणि अंथरुणे खराब होऊ लागली. तथागतांनी उन्हाळ्यापुरती मुभा दिली. पुढे आजारी भिक्खूंचा प्रश्न आला. त्यांना मुभा मिळाली. मग अंगमेहनतीचे काम करणाऱ्यांना, मग प्रवासात असलेल्यांना, मग वाऱ्यापावसात धुळीचिखलाने माखलेल्यांना. शेवटी त्या नियमाच्या मजकुरात सहा अपवाद समाविष्ट झाले: उष्णतेचा काळ, उकाड्याचा काळ, आजार, काम, प्रवास आणि वादळवारा.

येथे काय घडले ते नीट पाहावे. उन्हाळ्यात घामेजलेल्या भिक्खूंना कोणी असे सांगितले नाही की, ‘नियम असू द्या कागदावर, तुम्ही गुपचूप नाहून घ्या.’ आणि असेही सांगितले नाही की, ‘नियम म्हणजे नियम, सोसा.’ नियमाने ज्याला त्रास झाला त्याची अडचण ऐकली गेली, आणि नियमाचा मजकूरच बदलला. अपवाद हा कोणाच्या मर्जीचा भाग न राहता नियमाचा भाग झाला. तो सर्वांना ठाऊक झाला आणि त्या स्थितीत असलेल्या प्रत्येकाला लागू झाला.

राहुल आणि बंद दार

दुसरा प्रसंग एका मुलाचा आहे, म्हणून निवासी विद्यालयात काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना तो अधिक जवळचा वाटावा. आळवी येथे धम्मश्रवणानंतर काही भिक्खू उपासकांबरोबर एकाच दालनात झोपले. झोपेतील अस्ताव्यस्तपणामुळे लोकांत टीका झाली. तेव्हा नियम झाला की, उपसंपदा न झालेल्या व्यक्तीबरोबर भिक्खूने एका निवासात झोपू नये. नियमाला कारण होते, तो चुकीचा नव्हता.

पुढे तथागत कोसंबीला आले. राहुल तेव्हा सामणेर होता, म्हणजे त्याची उपसंपदा झालेली नव्हती. भिक्खूंनी त्याला नियम सांगितला आणि ‘तुझ्या झोपण्याची व्यवस्था तू पाहा’ असे म्हटले. त्या मुलाला जागा मिळाली नाही. तो शौचकूपात जाऊन झोपला. पहाटे तथागत तिकडे गेले, तेव्हा त्यांना तो तेथे आढळला. त्यांनी भिक्खूंना एकत्र बोलावले आणि नियमात दुरुस्ती केली: उपसंपदा न झालेल्याबरोबर दोन-तीन रात्री राहण्यास हरकत नाही. जातकाच्या अट्ठकथेत या प्रसंगी तथागतांनी सारिपुत्तांजवळ व्यक्त केलेली चिंता आली आहे. राहुलाची ही स्थिती, तर इतर मुलांना तुम्ही कसे वागवाल, असा त्या चिंतेचा आशय आहे.

या प्रसंगातील भिक्खू दुष्ट नव्हते. राहुलावर त्यांची माया होती, असेच परंपरा सांगते. त्यांनी फक्त नियम पाळला. परंतु नियम पाळताना ज्याच्यावर त्याचा भार पडतो तो कोठे जाईल, हे त्यांनी पाहिले नाही. वसतिगृहाचे फाटक सातला बंद होते हा नियम योग्य असेल, पण एस. टी. उशिरा आल्याने सव्वासातला फाटकाशी पोचलेले मूल रात्री कोठे जाईल, या प्रश्नाचे उत्तरही त्याच नियमात असावयास हवे. राहुलाला विचारणारे तथागत होते. प्रत्येक मुलाला ते भाग्य लाभत नाही.

मुभा मागून घेणे आणि मुभा लाटणे

नियमाला अपवाद असावेत, हे मान्य केले तरी पुढचा प्रश्न राहतो. अपवाद कोणी आणि कसा करावयाचा? याचे उत्तर दोन प्रसंगांच्या तुलनेतून मिळते.

पहिला प्रसंग अवंतीचा, म्हणजे आजच्या माळव्याकडचा. तेथे महाकच्चायन स्थविर राहत. सोण कुटिकण्ण या उपासकाला उपसंपदा घ्यावयाची होती. पण उपसंपदेसाठी दहा भिक्खूंचा गण लागे, आणि त्या दूरच्या प्रदेशात दहा भिक्खू जमवता जमवता तीन वर्षे गेली. म्हणून सोण तथागतांच्या दर्शनाला निघाला तेव्हा महाकच्चायनांनी त्याच्याबरोबर पाच विनंत्या पाठवल्या. अवंती-दक्खिणापथात भिक्खू थोडे आहेत, तेव्हा कमी संख्येच्या गणाने उपसंपदा देता यावी. तेथील जमीन काळी, कडक, गुरांच्या खुरांनी टोचरी झालेली आहे, तेव्हा अनेक पदरी पादत्राणे वापरू द्यावीत. तेथील लोक स्नानाला महत्त्व देतात, तेव्हा नित्य स्नानास मुभा असावी. अंथरायला चामडी वापरता यावीत. आणि दूरच्या भिक्खूसाठी पाठवलेले चीवर त्याच्या हाती पडेपर्यंत मुदत मोजू नये. तथागतांनी पाचही विनंत्या मान्य केल्या आणि प्रत्यंत जनपद, म्हणजे सीमेवरचे प्रदेश, कोणते तेही दिशावार सांगितले. काळ्या मातीतून उन्हाळ्यात चालणाऱ्या आपल्या मुलखातील माणसाला त्या पादत्राणांची मागणी समजावून सांगावी लागत नाही. मगधातील नियम येथे जसाच्या तसा लादला गेला नाही. पण महाकच्चायनांनीही दूर असल्याचा फायदा घेऊन तो आपल्या अधिकारात मोडला नाही. त्यांनी कारणे दिली, उघडपणे मागितले, आणि निर्णयाची वाट पाहिली.

दुसरा प्रसंग तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वेसालीत घडला. तेथील वज्जिपुत्तक भिक्खूंनी दहा बाबतींत आपल्यापुरती सूट रूढ करून घेतली होती. त्यांतील सर्वांत गंभीर बाब सोने-रुपे स्वीकारण्याची होती. उपोसथाच्या दिवशी पाण्याने भरलेले भांडे ठेवून ते उपासकांकडून त्यात नाणी टाकून घेत आणि वाटून घेत. यश काकण्डकपुत्त या भिक्खूने आपला वाटा नाकारला आणि हे अयोग्य असल्याचे उपासकांना सांगितले. तेव्हा त्यांनी नियम मोडल्याबद्दल खंत करण्याऐवजी यशावरच दंडकर्म केले. शेवटी सातशे भिक्खूंची संगीती भरून त्या दहा बाबींचा निवाडा करावा लागला, आणि तो वज्जिपुत्तकांच्या विरुद्ध गेला.

अवंती आणि वेसाली, दोन्हीकडे नियमाला मुरड घालण्याचाच प्रश्न होता. परंतु अवंतीत अडचण असलेल्यांनी उघडपणे मुभा मागितली. वेसालीत लाभ मिळणाऱ्यांनी ती स्वतःच घेतली आणि बोलणाऱ्याचे तोंड बंद करण्याचा प्रयत्न केला. मुभेची परीक्षा करावयाची असेल तर हाच निकष लावावा. ती कोणाची अडचण दूर करते, की कोणाचा स्वार्थ साधते? ती सर्वांसमोर सांगता येते, की लपवावी लागते?

क्षुद्र नियमाचा हट्ट

विनय कठोरपणाच्या धोक्याचीही नोंद घेतो. कोसंबीतील प्रसिद्ध कलहाचे मूळ अट्ठकथेनुसार एवढेच होते की, एका भिक्खूने शौचकूपातील भांड्यात वापरून उरलेले पाणी तसेच ठेवले. हा दोष होतो की नाही, यावर विनयधर आणि धम्मकथिक यांच्यात वाद पेटला. एकाला बहिष्कृत करण्यात आले. संघाचे दोन तट पडले. तथागतांनी समजावूनही कोणी ऐकेना, तेव्हा ते त्यांना सोडून पारिलेय्यक वनात एकटे राहावयास गेले. अखेर कोसंबीच्या उपासकांनी त्या भिक्खूंना भिक्षा देणे बंद केले, तेव्हा त्यांना शुद्ध आली. भांडेभर पाण्यासाठी संघ फुटतो, तेव्हा नियमाचे रक्षण होत नसते, अहंकाराचे होत असते.

या पार्श्वभूमीवर महापरिनिर्वाणापूर्वीचा प्रसंग पाहिला पाहिजे. संघाची इच्छा असल्यास आपल्या पश्चात क्षुद्र व अनुक्षुद्र शिक्षापदे रद्द करावीत, असे तथागतांनी आनंदांना सांगितले. म्हणजे सर्व नियम सारख्या वजनाचे नाहीत, हे त्यांनी स्वतःच स्पष्ट केले. परंतु क्षुद्र नियम कोणते, हे आनंदांनी विचारले नाही. राजगृहातील पहिल्या संगीतीत पाचशे भिक्खूंमध्ये यावर एकमत होईना. तेव्हा महाकस्सपांनी असा प्रस्ताव ठेवला की, नवा नियम करू नये आणि असलेला रद्दही करू नये. आपले नियम उपासकांना माहीत आहेत. आता ते सोडले तर शास्त्याच्या चितेचा धूर विरेपर्यंतच यांची शिस्त होती, असे लोक म्हणतील, ही त्यांची चिंता. तो प्रस्ताव संघाने मान्य केला. महाकस्सपांची भीती समजण्यासारखी आहे. परंतु इतिहास असेही दाखवतो की, दुरुस्तीची वाट बंद झाल्यावर मतभेद थांबले नाहीत. शंभर वर्षांनी ते वेसालीत आडवाटेने बाहेर आले.

सल्ला आणि हुकूम : महाडचा धडा

एवढ्यावरून वाचकांचे मत ‘नियम मार्गदर्शनापुरते असावेत’ या पक्षाकडे झुकले असेल, तर आपल्याच इतिहासाचे एक पान उलटावे लागेल. नियम केवळ सल्ला म्हणून सोडला की काय होते, याचा अनुभव आपल्या आजोबा-पणजोबांनी घेतला आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, अशी त्यात शिफारस होती. सरकारने त्यावर आदेश काढला. त्यात सरकारच्या मालकीच्या संस्थांच्या प्रमुखांना ठराव अमलात आणण्याचा हुकूम होता. मात्र स्थानिक संस्थांच्या बाबतीत, जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना या शिफारशीचा विचार करण्याचा सल्ला द्यावा, एवढेच म्हटले होते. एकाच कागदावर एक वाक्य हुकमाचे आणि एक सल्ल्याचे. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केलाही; पण तो कागदावरच राहिला. तीन वर्षे तळ्याचे पाणी अस्पृश्यांच्या ओंजळीत आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले ते नवा हक्क मागण्यासाठी नव्हे, तर अस्तित्वात असलेला नियम अमलात आणण्यासाठी. त्यानंतर नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागावयास १७ मार्च १९३७ उजाडला.

सल्ला पाळणे ज्याच्या हातात असते, त्याच्या मनात समता असेल तरच तो पाळला जातो. आणि ती असती, तर सल्ल्याची गरजच पडली नसती. दुर्बलाच्या रक्षणासाठी केलेला नियम बलवानाच्या मर्जीवर सोडणे म्हणजे तो न करण्यासारखेच आहे.

बाबासाहेबांनी हा धडा घटनेत उतरवलेला दिसतो. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ हा मूलभूत हक्कांत आहे; तिचे पालन हा कायद्याने दंडनीय अपराध ठरवला गेला. याउलट अनुच्छेद ४५ मार्गदर्शक तत्त्वांत होता. घटना अमलात आल्यापासून दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे तो सांगत होता. मार्गदर्शक तत्त्वे देशाच्या कारभारात मूलभूत असली तरी त्यांसाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. ती दहा वर्षे आली आणि गेली. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, त्यासाठीचा कायदा २००९ मध्ये झाला आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. दहा वर्षांच्या वायद्याला साठ वर्षे लागली. मध्यंतरी शाळेबाहेर राहिलेल्या पिढ्या कोणाच्या होत्या, हे आपणांस सांगावयास नको.

जन्मावर ठरलेली मुभा

नियमातील मुभा कोणाला मिळते, हा प्रश्न आपल्या समाजात निरागस कधीच नव्हता. मनुस्मृतीत एकाच अपराधासाठी वर्णानुसार वेगवेगळी शिक्षा आहे; आठव्या अध्यायात इतरांसाठी देहान्त सांगितलेल्या ठिकाणी ब्राह्मणासाठी केवळ मुंडन सांगितले आहे. म्हणजे तेथेही अपवाद होताच, आणि तो लिखितही होता. परंतु स्नानाच्या नियमातील अपवाद माणसाच्या स्थितीवर, म्हणजे आजार, श्रम, प्रवास यांवर, आधारलेला आहे. मनूचा अपवाद जन्मावर आधारलेला आहे. आजारी कोणीही पडू शकतो. जन्म बदलता येत नाही. म्हणून अपवाद लिहिलेला असणे पुरेसे नाही. तो कोणालाही लागू होऊ शकेल असा असला पाहिजे.

आपल्या वसतिगृहात हे कसे लागू पडते?

संघाने आपले २२७ नियम एकाच मापाने मोजले नाहीत. चार पाराजिकांचा भंग झाला की भिक्खुत्व संपते. तेथे सबब चालत नाही. मधले बरेचसे नियम प्रायश्चित्ताने किंवा दोष कबूल करून शुद्ध होण्याचे आहेत. आणि ७५ सेखिय नियम वागण्या-बोलण्याचे, खाण्यापिण्याच्या रीतीचे आहेत. ते शिकवण्याचे आहेत, आणि नकळत किंवा आजारपणात चुकल्यास त्यांत दोष नाही. आपल्या विद्यालयातील नियमांचीही अशीच विभागणी करता येईल.

पहिल्या वर्गात दुर्बलाचे रक्षण करणारे नियम येतील. मोठ्या मुलाने लहानाला मारू नये, कोणाला जातीवरून हिणवू नये, पंगतीत भेद करू नये, मुलींच्या निवासात परक्याने जाऊ नये, आजारी मुलाला वैद्यकीय मदत मिळण्यास विलंब होऊ नये. यांत सूट नाही. आणि ही बंधने मुलांवर आहेत तितकीच शिक्षकांवर आहेत. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने बालकाला शारीरिक शिक्षा देण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. ‘मुलाच्या भल्यासाठी’ ही सबब तेथे चालत नाही.

दुसऱ्या वर्गात सामूहिक जीवनाच्या सोयीचे नियम येतील: घंटा, फाटक, रजा, परतीचा दिवस. हे पाळलेच पाहिजेत, परंतु स्नानाच्या नियमासारखे अपवादांसह. एक उदाहरण घेऊ. दिवाळीच्या सुट्टीनंतर ठरलेल्या दिवशी पालकासह हजर राहावे, असा नियम असतो. ऊसतोड कामगाराच्या मुलाचे आईवडील त्या सुमारास टोळीबरोबर दूरच्या कारखान्याच्या फडावर गेलेले असतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा पडला तर पैसे कापले जातात. असे मूल चार दिवस उशिरा, एकटे किंवा शेजाऱ्याबरोबर येते. त्याच वेळी ओळखीपाळखीचा पालक एक फोन करून आपल्या मुलाची आठ दिवसांची रजा वाढवून घेतो. नियम सैल ठेवला तर सूट मिळते ती फोन करणाऱ्याला. नियम कठोर ठेवला तर तो बसतो ते फडावर आईबाप असलेल्या मुलावर. दोन्ही पक्षांच्या वादात हे मूल हरवते. त्याला वाचवण्याचा मार्ग एकच: ‘पालक हंगामी स्थलांतरित असल्यास मुलाने कोणत्याही जबाबदार नातेवाइकासह, हंगाम लक्षात घेऊन ठरवलेल्या मुदतीत यावे’, असा अपवाद नियमपत्रकातच छापणे. मग त्या मुलाला कोणापुढे गयावया करावी लागणार नाही.

तिसऱ्या वर्गात शिष्टाचार येतील: जेवताना बोलणे, चपला ओळीत ठेवणे, अंथरूण नीट घडी करणे. हे दंड करून नव्हे, तर करून दाखवून शिकवावयाचे असतात.

आणखी एक सूचना करावीशी वाटते. संघात दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी पातिमोक्ख म्हटले जाते. नियम सर्वांच्या कानांवर पडतात आणि चुकलेला आपला दोष आधी सांगून मोकळा होतो. आपल्याकडेही पंधरवड्यातून एकदा मुलांच्या सभेत नियमांचे वाचन व्हावे, आणि कोणता नियम कोणाला कोठे टोचतो हे सांगण्यास मुलांना मोकळीक असावी. मुलाने मांडलेली अडचण खरी असेल तर नियम बदलावा, आणि बदल तारखेसह नोंदवावा. अशा सभेत लहान मूल लोकशाहीची कार्यपद्धती पुस्तकाबाहेर शिकेल. कायदा मोडणे आणि कायदा बदलून घेणे यांतील फरक त्याला कळेल. आणि हा फरक ज्यांना कळला त्यांनीच आपल्या समाजाला येथवर आणले आहे.

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले, तेव्हापासून वसतिगृह हे आपल्या चळवळीचे एक महत्त्वाचे साधन राहिले आहे. तेथे राहून शिकलेल्या माणसाला पुढे समाजातील असंख्य नियमांना तोंड द्यावे लागते. काही पाळावे लागतात, काही झुगारावे लागतात, काही बदलून घ्यावे लागतात. कोणत्या नियमाचे काय करावयाचे, हे ओळखण्याची दृष्टी त्याला विद्यालयातच मिळाली पाहिजे. त्यासाठी आपले नियम मोजके असावेत, त्यांची कारणे मुलांना सांगितलेली असावीत, दुर्बलाचे रक्षण करणारा नियम कोणासाठीही वाकू नये, आणि उरलेल्या नियमांतील प्रत्येक मुभा सर्वांना वाचता येईल अशा ठिकाणी लिहिलेली असावी. नियमपत्रक भिंतीवर लावताना त्याच्याखाली थोडी जागा कोरी ठेवावी; पुढची दुरुस्ती तेथे लिहावयाची आहे.